किडनी बायोप्सीचा रिपोर्ट वाचताना : आधी आकृती, मग कारण

ज्यांच्या किडनीचे तुकडे मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते, त्या माणसांना मी जवळजवळ कधीच भेटत नाही. माझ्यापर्यंत येतात दोन-तीन छोट्या बाटल्या, त्यांच्यावरचं नाव-वय आणि सोबतचा अर्ज. मी रिपोर्ट लिहिते आणि तो परत जातो. पाकीट उघडतं ते बहुधा घरातलंच कुणीतरी. 'मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी' किंवा 'एफएसजीएस' असा शब्द दिसतो, तो मोबाइलवर शोधला जातो आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचे दोन-तीन दिवस घरात कुणी नीट जेवत नाही. तो रिपोर्ट हातात असलेल्या माणसाशेजारी बसून तो वाचून दाखवावा, असं मला फार वर्षं वाटत आलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रिपोर्टवर ठळक अक्षरात छापलेलं नाव बहुतेक वेळा आकृतीचं असतं, कारणाचं नसतं. किडनीतल्या गाळणीला इजा झाली की ती ठरावीक आठ-दहा तऱ्हांनीच आपली इजा दाखवते. कारणं मात्र शेकडो आहेत. त्यामुळे एकच आकृती दोन माणसांत दिसते आणि एकाला स्टेरॉइड लागतं, तर दुसऱ्याला तेच स्टेरॉइड निव्वळ त्रास देतं. रिपोर्ट वाचायचा तो हे ध्यानात ठेवून.

गाळणीची ओळख

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या, म्हणजे ग्लोमेरुलस, असतात. एक ग्लोमेरुलस म्हणजे केशवाहिन्यांचं गुंतवळ, आकाराने मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. या सगळ्या गुंतवळांतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं बहुतेक सगळं पुढच्या नलिका परत शोषून घेतात.

गाळणीला तीन थर आहेत. आतून छिद्रं असलेलं अस्तर, मध्ये पायाभूत पडदा आणि बाहेरून त्या पडद्याला बोटांसारख्या फाट्यांनी धरून बसलेल्या पेशी, म्हणजे पोडोसाइट. गुंतवळाला मधून आधार देणारा गाभा आहे, त्याला मेसँजियम म्हणतात. हे चार शब्द लक्षात ठेवा. इजा या चारांपैकी कुठे झाली, यावरच आकृती ठरते. पडदा आणि पोडोसाइट बिघडले की लघवीतून प्रोटीन जातं, लघवीला फेस येतो, चेहरा आणि पाय सुजतात. अस्तराला किंवा गाभ्याला सूज आली की लघवीत रक्ताच्या पेशी येतात आणि रक्तदाब चढतो. अर्थात खऱ्या माणसात दोन्हींची सरमिसळ असते.

बायोप्सी कुणाला, आणि कुणाला नाही

लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रोटीन जाणं सामान्य आहे. प्रौढ माणसात ते साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन घसरलं, तर त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाला बहुधा बायोप्सी लागते. लघवीत प्रोटीनसोबत रक्त आहे आणि क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) वाढतंय, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे आणि लघवी बिघडली आहे, किंवा काही आठवड्यांत किडनी भराभर मंदावते आहे, तरीही लागते.

लहान मुलांचं वेगळं आहे. एक ते बारा वर्षांच्या मुलाचं अंग सुजलं, लघवीतून भरपूर प्रोटीन गेलं, पण रक्तदाब आणि क्रिएटिनिन ठीक असेल, तर सहसा बायोप्सी न करताच स्टेरॉइड सुरू करतात. या वयातली बहुतेक मुलं त्याला प्रतिसाद देतात आणि तो प्रतिसाद हेच निदान धरलं जातं. चार ते सहा आठवड्यांत प्रोटीन थांबलं नाही, मूल एक वर्षापेक्षा लहान असलं, किंवा रक्तातलं सी३ हे प्रतिकारशक्तीचं प्रोटीन कमी राहिलं, तर सुईचा विचार होतो. त्यामुळे 'आमच्या मुलाची बायोप्सी का नाही केली' ही तक्रार घेऊन डॉक्टर बदलत फिरू नका.

प्रौढांतही एक सूट अलीकडे मिळाली आहे. २००९ साली बोस्टनमधल्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाने मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात पीएलए२आर नावाच्या प्रोटीनविरुद्ध प्रतिपिंडं असतात, हे दाखवलं. ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, किडनीचं काम व्यवस्थित असलं आणि चित्र नेफ्रोटिकचंच असलं, तर आता अनेकदा सुई टाळता येते. बायोप्सी सुचवली असेल तर 'पीएलए२आर करून झालं का?' हे जरूर विचारा.

मधुमेहींसाठी एक वेगळं वाक्य. मधुमेह आहे म्हणून किडनीचा आजार मधुमेहाचाच, असं गृहीत धरू नका. प्रोटीन अचानक वाढलं, लघवीत रक्त आलं, किंवा डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाची काहीच खूण नाही, तर आत दुसरंच काही शिजत असू शकतं.

सुईच्या आधीचे दिवस आणि तो दिवस

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायच्या असतात, पण त्या ज्यांनी लिहून दिल्या त्यांना विचारूनच. हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय घरी घ्यायचा नाही. दुखण्यावरच्या गोळ्यांचाही उल्लेख करा, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या असल्या तरी. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची चाचणी आणि सोनोग्राफी होते. रक्तदाब १४०/९० च्या आत आणला जातो, कारण चढलेल्या दाबात सुई टोचणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसल्या तर बहुधा बायोप्सी करतच नाहीत. तिथे व्रणच सापडणार आणि धोका मात्र जास्त.

प्रत्यक्ष काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं. पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवतात, सोनोग्राफीत बघत किडनीच्या खालच्या टोकाशी जागा ठरवतात, तिथे बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. 'श्वास धरा' म्हटलं की धरायचा, कारण श्वासागणिक किडनी वर-खाली सरकते. सुईच्या यंत्राचा 'खट्' असा मोठा आवाज होतो. त्याने दचकू नका, आधी तो ऐकवायला सांगा. माणसाला पालथं झोपवण्याची पद्धत शिकागोतल्या रॉबर्ट कार्क आणि रॉबर्ट म्युर्की यांनी १९५४ साली मांडली. त्याआधी १९५१ मध्ये कोपनहेगनच्या पौल इव्हर्सन आणि क्लाउस ब्रुन यांनी रुग्णाला बसवून सुईने नमुने काढले होते. त्यापूर्वी किडनीच्या या आजारांचं आतलं रूप बहुतेक शवविच्छेदनातच दिसायचं. चालत्याबोलत्या माणसाच्या गाळणीत काय चाललंय हे पाहता येणं, ही एवढी अलीकडची गोष्ट आहे.

नंतर सहा-आठ तास, काही ठिकाणी रात्रभर, उताणं पडून राहायचं. प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या ग्लासात धरून ठेवतात आणि रंग बघतात. पहिली एक-दोन वेळची किंचित गुलाबी असली तर घाबरायचं कारण नाही. डोळ्यांनी दिसेल इतकं रक्त शंभरातल्या तीन-चार जणांना जातं, रक्त चढवावं लागतं ते सुमारे एकाला. घरी गेल्यावर मात्र लाल लघवीत गाठी दिसल्या, लघवी अडली, कुशीत जोरात दुखू लागलं किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. दोन आठवडे घागर, सिलिंडर, पोतं उचलायचं नाही. शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांना हे मी विशेष बजावून सांगेन, कारण 'आता बरं वाटतंय' म्हणून चौथ्या दिवशी कामावर जाणारे पुष्कळ असतात.

शेवईएवढा तुकडा, तीन वाटा

निघालेला नमुना शेवईच्या तुकड्यासारखा असतो, जाडीला मिलिमीटरभर आणि लांबीला एक-दोन सेंटिमीटर. असे दोन तुकडे घेतात आणि त्यांच्या तीन वाटा करतात. एक भाग फॉर्मलिनमध्ये, त्याचे दोन-तीन मायक्रॉन जाडीचे काप काढून वेगवेगळ्या रंगांनी रंगवतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून बघतात. दुसरा भाग सलाइनमध्ये किंवा मिशेलच्या द्रावणात, तो इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे गाळणीत साचलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तंत्रासाठी. तिसरा कणभर भाग ग्लुटराल्डिहाइडमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी.

जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेला नमुना अनेकदा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो आणि गडबड होते ती इथे. दोन्ही तुकडे एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकले, तर इम्युनोफ्लुरोसन्सची चमक मंदावते, कधी पार जाते. बायोप्सीच्या आधी 'नमुना किती बाटल्यांत पाठवणार?' असं विचारणं नातेवाइकांना उद्धट वाटतं. तसं अजिबात नाही. माझ्यासारखीला तर तुमचे आभारच मानावेसे वाटतील.

आणखी एक मागणी, कळकळीची. सोबतच्या अर्जावर सगळी माहिती लिहिली जाईल हे बघा : लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन आधीचं आणि आताचं, सी३, हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या, मधुमेह किती वर्षं, सांधे दुखतात का, अंगावर चट्टे आहेत का, कोणती औषधं घेतली. काही अर्जांवर नुसतं 'प्रोटीन जातंय' एवढंच असतं. मग मी आकृतीचं नाव देऊ शकते, पण कारणाच्या दिशेने बोट दाखवू शकत नाही.

पहिली बघायची ओळ : किती मिळाले?

रिपोर्ट हातात आला की निदानाकडे धावू नका. आधी शोधा की तुकड्यात किती ग्लोमेरुलस मिळाले. दहाच्या आसपास असतील तर काम चालतं, वीसच्या वर असतील तर उत्तम. दोन-तीनच असतील तर पुढच्या प्रत्येक वाक्यापुढे मनातल्या मनात प्रश्नचिन्ह घाला.

एक साधा हिशेब करून बघू. समजा किडनीतले दहा टक्केच ग्लोमेरुलस बिघडले आहेत. तुकड्यात दहा ग्लोमेरुलस आले, तर बिघडलेला एकही हाती न लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. वीस आले तर ती १२ टक्क्यांवर येते. एफएसजीएसची सुरुवात किडनीच्या खोलवरच्या ग्लोमेरुलसपासून होते. सुई वरवर राहिली तर रिपोर्ट 'मिनिमल चेंज' म्हणतो आणि सहा महिन्यांनी औषध लागू न पडल्यावर दुसऱ्या बायोप्सीत खरा आजार दिसतो. अशा वेळी पहिला रिपोर्ट चुकीचा होता असं म्हणण्यात अर्थ नाही, तुकड्यात तो भाग आलाच नव्हता.

त्याच ओळीच्या आसपास 'ग्लोबली स्क्लेरोज्ड' म्हणजे पूर्ण व्रण होऊन निकामी झालेले किती, हेही दिलेलं असतं. वयाप्रमाणे थोडे असणं स्वाभाविक आहे.

आकृती

आता निदानाच्या ओळीकडे या.

*मिनिमल चेंज.* साध्या सूक्ष्मदर्शकात गाळणी निरोगी दिसते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र पोडोसाइटची बोटं सपाट होऊन पसरलेली असतात. मुलांत हाच सर्वाधिक. स्टेरॉइडने उतरतो, पुन्हा पुन्हा उलटतो, पण किडनी सहसा खराब करत नाही. उलटला म्हणजे किडनी गेली, असं समजू नका.

*एफएसजीएस.* काही ग्लोमेरुलसमध्ये, आणि त्यांच्याही एखाद्या भागातच व्रण. या नावाने मी सर्वाधिक गैरसमज झालेले पाहिलेत, म्हणून थोडं थांबते. एक माणूस असा की आठवड्याभरात अंग सुजलं, अल्ब्युमिन दोनच्या खाली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जवळजवळ सगळी बोटं पसरलेली. हा प्राथमिक, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न झालेला एफएसजीएस, याला स्टेरॉइड किंवा तशाच औषधांची गरज असते. दुसरा माणूस असा की वजन पुष्कळ, किंवा जन्मापासून एकच किडनी, किंवा लहानपणी लघवी उलटी फिरून किडनीला व्रण पडलेले. त्याच्या उरलेल्या गाळण्यांवर वर्षानुवर्षं जादा भार पडला आणि त्या थकल्या. प्रोटीन जातंय, पण अल्ब्युमिन ठीक आणि सूज नाही. रिपोर्टवर शब्द तोच. याला स्टेरॉइड दिलं तर वजन वाढेल, साखर वाढेल आणि किडनीला काही मिळणार नाही. त्याला हवा रक्तदाबावर ताबा, प्रोटीन कमी करणाऱ्या गोळ्या आणि वजन उतरवणं. तिसरा प्रकार जनुकीय आहे, विशेषतः घरात आणखी कुणाला असेल किंवा लहान मुलाला स्टेरॉइड लागूच पडलं नसेल तर. म्हणून 'एफएसजीएस' वाचल्यावर डॉक्टरांना पहिला प्रश्न हा : 'प्राथमिक की भारामुळे झालेला?'

*मेम्ब्रेनस.* पायाभूत पडद्याच्या बाहेरच्या बाजूला प्रतिपिंडांचे कण साचतात आणि चांदीच्या रंगद्रव्यात पडद्यावर फणीच्या दातांसारखे काटे दिसतात. प्रौढांच्या नेफ्रोटिकमधली ही फार नेहमीची आकृती. सुमारे ७० टक्के प्राथमिक रुग्णांत पीएलए२आर सापडतं. उरलेल्यांत शोध घ्यावा लागतो : हिपॅटायटिस बी, ल्युपस, कर्करोग, वेदनाशामक गोळ्या. आणि पारा.

पाऱ्याबद्दल मला मोठ्याने बोलायचं आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मेम्ब्रेनसचे २२ रुग्ण तपासले, त्यांतल्या १५ जणांत नेल-१ नावाचं वेगळं प्रोटीन सापडलं आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याचं क्रीम वापरत होते. अशा क्रीममध्ये पारा घातलेला असतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनीही नेल-१ असलेल्या रुग्णांचा पारायुक्त देशी औषधांशी संबंध दाखवला आहे. यातली आशेची बाजू ही की क्रीम किंवा औषध थांबवल्यावर अनेकांचं प्रोटीन जड औषधांशिवायही उतरलं. म्हणून पीएलए२आर निगेटिव्ह असलेला मेम्ब्रेनस आला, तर घरातलं कपाट उघडा. लेबल नसलेलं क्रीम, पुडीतलं भस्म, 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून आणलेल्या गोळ्या, सगळं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. लाजू नका. सुनेने किंवा मुलीने क्रीम लावलं म्हणून तिला बोलही लावू नका. गोरेपणाचा हट्ट तिने एकटीने धरलेला नसतो.

मेम्ब्रेनसमध्ये अल्ब्युमिन फार घसरलं तर पायाच्या किंवा किडनीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. एकाच पायाची पिंढरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना.

*मेसँजियल.* गाभ्यातल्या पेशी वाढलेल्या. ही आकृती दिसली की पहिला संशय आयजीए नेफ्रोपॅथीचा, म्हणजे आयजीए नावाची प्रतिपिंडं गाभ्यात साचण्याचा, पण खात्री इम्युनोफ्लुरोसन्सनेच होते. १९६८ साली पॅरिसमध्ये जाँ बर्जे आणि निकोल एंग्ले यांनी हा आजार ओळखला तो याच चमकत्या तंत्रामुळे. साध्या सूक्ष्मदर्शकात तो इतकी निरनिराळी रूपं घेतो की त्याआधी त्याला एक नावच नव्हतं. घसा दुखायला लागल्यावर एक-दोन दिवसांत चहाच्या रंगाची लघवी, ही त्याची जुनी ओळख.

*अस्तराची सूज.* केशवाहिन्या पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेल्या, पडद्याच्या बाहेर उंटाच्या मदारीसारखे उंचवटे. घशाच्या संसर्गानंतर एक ते तीन, तर त्वचेच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी येणारा हा आजार मुलांत बहुधा आपोआप ओसरतो. इथे रक्तातलं सी३ कमी होतं आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतं. नाही झालं, तर पुढच्या आकृतीचा विचार करायचा.

*एमपीजीएन.* पडदा दुहेरी, आगगाडीच्या रुळांसारखा. हे नाव दिसलं की समजा, शोध आता कुठे सुरू झाला आहे. प्रतिपिंडं चमकली तर जुनाट संसर्ग, हिपॅटायटिस सी, ल्युपस, किंवा हाडाच्या मगजातल्या पेशींनी बनवलेलं प्रोटीन शोधायचं. फक्त सी३ चमकलं, तर सी३ ज्यातलं आहे त्या रक्तातल्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेचाच बिघाड.

*चंद्रकोरी.* रिपोर्टमध्ये 'क्रेसेंट' हा शब्द दिसला आणि तो निम्म्याहून जास्त ग्लोमेरुलसमध्ये आहे, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. गाळणीची भिंत फाटून पेशी बाहेरच्या पोकळीत चंद्रकोरीच्या आकारात साचल्या आहेत. इथे दिवस मोजून किडनी जाते आणि वेळेत औषध मिळालं तर वाचतेही. अशा नमुन्याचा लेखी रिपोर्ट टाइप होईपर्यंत मी थांबत नाही, फोनवरच सांगते. चंद्रकोरींचे तीन गट आहेत : पडद्यावर सरळ रेषेत चमक म्हणजे पडद्याविरुद्धची प्रतिपिंडं, कणाकणांनी चमक म्हणजे आयजीए-ल्युपससारखे आजार, आणि चमकच नाही म्हणजे बहुधा एएनसीए नावाच्या प्रतिपिंडांमुळे होणारी रक्तवाहिन्यांची सूज. पहिल्या गटात रक्तातला प्लाझ्मा बदलणंही लागतं, म्हणून तिन्हींतला फरक त्याच दिवशी कळायला हवा.

*गाठी आणि साचलेले पदार्थ.* १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेहात गाभ्यातल्या गोल गाठी वर्णिल्या. तशाच दिसणाऱ्या गाठी इतर आजारांतही होतात. अॅमिलॉइड या साचणाऱ्या प्रोटीनसाठी काँगो रेड हा रंग लावून ध्रुवीकृत प्रकाशात कच्च्या सफरचंदाच्या हिरव्या रंगाची झळाळी शोधतात, आणि त्यासाठी मुद्दाम जाड काप घ्यावा लागतो. अॅमिलॉइड सापडला तर 'कोणत्या प्रकारचा?' हे विचारणं भाग आहे. आपल्याकडे जुन्या क्षयरोगानंतर किंवा वर्षानुवर्षांच्या संधिवातानंतर होणारा एक आणि मगजातल्या पेशींमुळे होणारा दुसरा, यांची औषधं पार वेगळी आहेत.

ल्युपस यातल्या बहुतेक आकृत्या घेऊ शकतो. म्हणून त्याला एक ते सहा वर्ग दिले आहेत. तीन आणि चारला जोरदार औषधं, पाच म्हणजे मेम्ब्रेनससारखा, सहा म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक व्रण. मोठा आकडा म्हणजे दर वेळी अधिक वाईट, असा सरळ चढ त्यात नाही.

चमक वाचणे

इम्युनोफ्लुरोसन्सच्या तक्त्यात आयजीजी, आयजीए, आयजीएम ही प्रतिपिंडं, सी३, सी१क्यू ही कॉम्प्लिमेंटची प्रोटीनं आणि कॅपा, लॅम्डा हे प्रतिपिंडांचे घटक यांच्यासमोर शून्य ते तीन किंवा चार अधिक (+) अशा खुणा असतात. आयजीए ठळकपणे पुढे, तर आयजीए नेफ्रोपॅथी. सगळेच चमकले, ज्याला आम्ही 'फुल हाउस' म्हणतो, तर ल्युपस. कॅपा-लॅम्डांपैकी एकच चमकला तर मगजाची तपासणी. 'एक अधिक आयजीएम' एवढंच असेल तर त्यावर फार डोकं शिणवू नका, व्रणाच्या जागी ते अडकून राहतं. तक्त्यात 'ग्लोमेरुलस मिळाले नाहीत' असं लिहिलं असेल, तर अर्धा रिपोर्टच हातात आहे, हे डॉक्टरांना स्वतःहून दाखवा.

व्रण किती

रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते जी घाईत सगळे ओलांडतात : नलिका किती आक्रसल्या आणि मधल्या जागेत व्रण किती टक्के. पुढे किडनी किती टिकेल याचा अंदाज बांधताना मी आकृतीच्या नावाइतकीच, कधी जास्त, या ओळीवर भिस्त ठेवते. दहा टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक ऊती अजून जिवंत आहे. पंचवीस ते पन्नास म्हणजे बरंच गेलं, पण राखण्याजोगंही बरंच आहे. पन्नासच्या वर गेलं की जड औषधांचा फायदा आणि त्यांचा धोका समोरासमोर ठेवून बोलावं लागतं. सूज उतरते, व्रण उतरत नाही, म्हणून 'सक्रिय किती आणि जुनाट किती' हे विचारा.

आयजीए नेफ्रोपॅथीत हेच अक्षरांत लिहितात : एम (गाभ्यातल्या पेशी), ई (अस्तराची सूज), एस (ग्लोमेरुलसमधला व्रण), टी आणि २०१६ साली जोडलेला सी (चंद्रकोरी). त्यांतला टी म्हणजे ही व्रणाची ओळ, टी२ म्हणजे पन्नास टक्क्यांच्या वर. ऑक्सफर्डच्या या पद्धतीला किमान आठ ग्लोमेरुलस लागतात. तुमच्या रिपोर्टात पाचच असतील आणि तरी अक्षरं दिली असतील, तर त्यांना फार वजन देऊ नका.

डॉक्टरांसमोर बसताना

एका कागदावर चार ओळी लिहून न्या. ग्लोमेरुलस किती. आकृती कोणती. काय चमकलं. व्रण किती. मग विचारा : 'या आकृतीचं माझ्यातलं कारण काय धरताय आणि त्यासाठी कोणत्या चाचण्या उरल्या?' कारण अजून ठरलेलं नसताना महिनोन्महिन्यांचं औषध सुरू होत असेल, तर थांबायचं कारण काय आणि घाई करायचं कारण काय, दोन्ही ऐकून घ्या. चंद्रकोरींसारख्या आजारात कारण कळायच्या आधी औषध सुरू करणंच योग्य असतं. स्टेरॉइड सुरू होणार असेल तर हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी झाली का, लशी कोणत्या घ्यायच्या, साखर कधी बघायची, हेही त्याच बैठकीत. आणि स्टेरॉइड मनाने एकदम कधीच बंद करायचं नाही.

रिपोर्टची मूळ प्रत लॅमिनेट करू नका. तिची झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड प्रयोगशाळेत ठेवलेल्या असतात आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर अर्ज करून मागता येतात. किती वर्षं सांभाळतात हे पहिल्याच दिवशी विचारून फाइलवर लिहून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या गावी उपचार घ्यावे लागले, किंवा किडनी बदलायची वेळ आली, तर नव्या किडनीत मूळ आजार परत येईल का हे ठरवताना डॉक्टर याच जुन्या स्लाइड मागतात. ब्लॉक कुरिअरने पाठवताना उन्हाळा असेल तर थर्मोकोलच्या डब्यात घाला. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत मेण मऊ पडतं.